भितीवरचा बेडूक

अमरावतीकडून परत आलेल्या माणसाला आमच्या पुण्यात तीन प्रश्न विचारतात. अंबादेवीचं दर्शन झालं का, चिखलदरा पाहिला का आणि गिला वडा खाल्ला का. मी गिला वडा खाल्ला. बाकीची दोन्ही कामं राहिली, कारण मी वऱ्हाडात गेलो होतो ते एका बेडकापायी व्याह्यांची माफी मागायला. श्रावणातला आठवडा, सोबतीला छत्री, आणि पिशवीत मंगलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, व्याह्यांसाठी दिलेली आंबा बर्फी. बर्फी पुढे केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

भांडणाचं मूळ

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचा दोष कुणाचा ते लगेच कळेल. मी निवृत्त मुद्रितशोधक. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका शोधणं हे माझं काम होतं. घरच्यांचं म्हणणं असं, की निवृत्तीनंतर फक्त पगार थांबला, काम चालूच आहे. हॉटेलच्या मेनूकार्डावरची ‘पुरि भाजि’ मी खिशातल्या पेनाने दुरुस्त करतो. लग्नपत्रिका आली की आधी अनुस्वार बघतो, मग मुहूर्त.

पूर्वी एकदा बेडकांवरच्या एका पुस्तकाची मुद्रितं माझ्याकडे आली होती. ती तीनदा वाचल्यामुळे बेडकांमधलं आपल्याला कळतं, असा माझा समज झाला. त्या पुस्तकात एका झाडबेडकाचं नाव ‘चुनाम’ असं दिलं होतं. चुन्याच्या भिंतीवर राहतो म्हणून चुनाम. मला ती छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याची डुलकी वाटली. मी ‘चु’चा ‘सु’ केला आणि पुस्तकभर तो ‘सुनाम बेडूक’ झाला. लेखक घरी आले होते. चहा न घेताच गेले.

तर आमची मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. मुक्ताचं सासर दर्यापूर तालुक्यात. सासरे महादेवराव, कापूस आणि सोयाबीनचे शेतकरी, शब्दाला पक्के आणि मिशीला त्याहून पक्के. बारसं आमच्याकडे बाराव्या दिवशी करायचं ठरलं. पाचव्या दिवशी नात दाखवायला आम्ही त्यांना व्हिडिओ कॉल लावला. नात बघून झाली, पाऊसपाणी झालं, आणि महादेवराव एकदम उत्साहात म्हणाले, “इवाईबुवा, आमच्या न्हानीत एक गंमतीचा बेडूक आला...” तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मग आवाज तुटला, चित्र थिजलं आणि पुन्हा जोडलं गेलं तेव्हा माझ्या कानावर एवढंच आलं: “...भितीपायी पांढरा पडते!”

मी म्हणालो, “महादेवराव, भीतीपायी बेडूक पांढरा पडत नाही. माणूस पडतो. बेडकाला बघून तुम्हीच घाबरला असाल.”

आमच्याकडे सगळे हसले. तिकडेही हसले, आणि आवाजावरून ते हसणारे आठदहाजण तरी होते. महादेवराव फोन घेऊन गावातल्या मारुतीच्या ओट्यावर बसले होते, आणि नात सगळ्या गावाला दिसावी, ऐकू यावी म्हणून त्यांनी आवाज मोठा ठेवला होता. फोन बंद झाला तो पुन्हा लागला नाही. माणूस घरातला अपमान गिळतो, ओट्यावरचा गिळता येत नाही.

दोन दिवसांनी निरोप आला की महादेवराव बारशाला येणार नाहीत. त्यांची मुलगी, म्हणजे बाळाची आत्या, अकोल्याला असते. तीही म्हणाली, बाबांशिवाय मी येणार नाही. आता आत्याच नाही तर बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव कोण सांगणार? जावयांनी वडिलांना समजावून पाहिलं, त्यांचंही चाललं नाही. बारसं पुढे गेलं, मग आणखी पुढे गेलं. नात दीड महिन्याची झाली तरी बिननावाची. शेजारच्या बाई रोज विचारायच्या, “ठरलं का हो नाव?” मुक्ताचे डोळे भरून यायचे आणि मला घरात बसवेना.

शेवटी मंगला म्हणाली, “तुम्ही जा. तो बेडूक डोळ्यांनी बघा आणि चूक असेल तर कबूल करा.”

“आणि नसेल तर?”

“तरी कबूल करा.”

अमरावती, आणि जीप

रेल्वेचा प्रवास सगळ्यांचा सारखाच असतो, तो सोडून देतो. अमरावतीला उतरून बस स्टँडजवळ गिला वडा घेतला. उडदाचा वडा दह्यात बुडवलेला, वर आंबटगोड आणि तिखट चटणी. गिला म्हणजे ओला. पण उर्दूत गिला म्हणजे गाऱ्हाणंसुद्धा. रुसलेल्या व्याह्यांकडे निघालेल्या माणसाने हा दुसरा अर्थ आठवू नये, पण मला आठवला आणि पुढचा घास जड गेला. वडा मात्र इतका चांगला होता की आणखी एक प्लेट घ्यावी लागली.

दर्यापूरपर्यंत बस, आणि तिथून शेअर जीप. आमच्याकडे गाडी भरली म्हणजे जागा संपली. तिथे जागा संपली की गाडी भरायला सुरुवात होते. माझ्या एका मांडीवर माझी पिशवी होती आणि दुसरीवर कुणाचं तरी खताचं पोतं. दोन्ही बाजूंना काळं रान आणि त्यात गुडघाभर सोयाबीन, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट. डोंगर बघायची सवय असलेल्या माणसाला इतकी सपाटी पाहून उगाच उघड्यावर पडल्यासारखं वाटतं.

“कोनाकडं जाता बाप्पा?” ड्रायव्हरने मागे न बघता विचारलं.

मी महादेवरावांचं नाव सांगितलं.

“कोनते? बेडकाले भेते, थो?”

मागे हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं एक वाक्य माझ्या आधी दीड महिना या जीपमधून फिरत होतं.

“पुन्याच्या इवायानं फोनवर लय उडवली म्हने त्याची,” पोत्यापलीकडची म्हातारी म्हणाली. “तुमी पुन्याचेच का? थो इवाई वयखीचा हाय का?”

“तोंडओळख आहे,” मी म्हणालो.

“अन् तुमी काय करता?”

“मी मुद्रितं तपासतो.”

खड्डा आला. जीप उडाली. ड्रायव्हरने मागच्यांना मोठ्याने समजावून सांगितलं, “साहेब मूत्र तपासतेत!”

त्यानंतर दर्यापूर ते गाव मी सहाजणांच्या साखरेवर सल्ला दिला. म्हातारी म्हणाली, “माह्या बुढ्याचं तपासून देसान का? सकायी बाटलीत आनून देतो.” चूक दुरुस्त करायचा मी दोनदा प्रयत्न केला, पण एकदा मजकूर छापून गेला की शुद्धिपत्र कुणी वाचत नाही, हा माझा जुनाच अनुभव आहे.

भिंतीचा उलगडा

रात्री पाऊस होऊन गेला होता. जीपमधून उतरलो आणि पहिल्याच पावलाला काळ्या मातीने माझी डावी चप्पल धरली. ती सोडवायला वाकलो तर उजवी धरली. घरापर्यंत पोचलो तेव्हा दोन्ही पायांना किलोकिलोची माती होती आणि चप्पल एकच होती. दुसरी नंतर विहीणबाईंनी खुरप्याने काढून आणवली.

महादेवराव अंगणात उभे होते. उंच, ताठ, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. मी बर्फी पुढे केली. त्यांनी ती घेतली, विहीणबाईंच्या, सुमनबाईंच्या, हातात दिली आणि त्यांच्याकडेच बघून म्हणाले, “पाहुन्याले इच्यार, परवास बरा झाला का म्हना.”

पाहुणा तीन फुटांवर उभा होता.

मीही सुमनबाईंनाच म्हणालो, “सांगा त्यांना, बरा झाला.”

“बरा झाला म्हन्तेत,” सुमनबाईंनी इमानेइतबारे सांगितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग चहा आला. पुण्यात चहा घेणार का असं विचारतात आणि पाहुण्याने आधी नाही म्हणायचं असतं. इथे कप हातात ठेवला जातो आणि तुम्ही कोण ते नंतर ठरतं. चहाला किंचित खारट चव होती. हा सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, प्यायचं पाणी नळाने लांबून येतं आणि कमी पडलं की चहात थोडं विहिरीचं मिसळतात. मी रागावलेल्या घरातला चहा समजून निमूटपणे प्यायलो आणि मागे सरकून भिंतीला टेकायला गेलो.

“भितीले टेकू नोका, इवाईबुवा!” सुमनबाई ओरडल्या. “परवाच चुना मारला, आंगाले लागते.”

मी अर्ध्यातच थांबलो.

भितीले. भित. भिंत! बेडूक भितीपायी, म्हणजे पांढऱ्या भिंतीपायी, पांढरा पडत होता. भीतीचा इथे काही संबंधच नव्हता. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे गळालेले अनुस्वार शोधले, त्याच्या कानातून एक अनुस्वार गळला होता आणि त्यापायी एका मुलीला दीड महिना नाव नव्हतं.

आता चांगल्या माणसाने तिथेच उठून चूक सांगितली असती. मी नाही सांगितली. चूक सापडली की दुसऱ्याची, हा आमच्या धंद्यातला नियम अंगात इतका मुरलेला होता की तोंडच उघडेना. मी मनात एक पळवाट काढली. बेडूक शोधायचा, ओळखायचा, दोनचार शास्त्रीय वाक्यं बोलून महादेवरावांना खरं ठरवायचं आणि आपल्या कानाचा विषय काढायचाच नाही.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. महादेवराव शेजारी बसले होते. “पाहुन्याले भाकर वाढ.” “पाहुन्याले लाजू नोका म्हना.” अबोला कडक होता, पण माझ्या ताटात चौथी भाकर पडली. माझ्या मते अबोला धरायची ही पद्धत आपल्याकडेही सुरू व्हायला हरकत नाही.

दुपारी मी न्हाणीत शोधाला लागलो. घरामागे चार भिंती, वर पत्रा, कोपऱ्यात पाण्याचा हौद. पावसाचं पाणी पन्हाळीतून त्यात साठवतात ते गुरांसाठी; आंघोळीला विहिरीचंच खारं पाणी. बादलीमागे पाहिलं, पत्र्याच्या फटीत पाहिलं. बेडूक नाही. हौदावर, पाण्यापासून हातभर उंचीवर, भिंतीला एक पांढरा फेसाचा गोळा चिकटलेला दिसला. सुमनबाई झाडू घेऊनच आल्या.

“हे कोनं केलं? साबनाचा असा नाश कोनं केला?”

त्या झाडू उगारणार तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. “विहीणबाई, तुमच्या पाण्याला साबणाचा फेस येतो का?”

“आमच्या पान्याले? सारी वडी घासा, बुडबुडा येत नाई.”

“मग हा कुठून आला?”

त्यांचा झाडू खाली आला. पुस्तकातलं पान माझ्यासमोर उभं राहिलं. झाडबेडकाची मादी पाण्याच्या वर फेसाचं घरटं करते. अंडी आत राहतात, पाण्यातल्या कुणाच्या तोंडी लागत नाहीत. फेस वरून सुकतो, आत ओलावा टिकतो, आणि पिल्लं तयार झाली की टपकन खाली पाण्यात पडतात. हे सगळं मी सुमनबाईंना सांगितलं.

“बाळंतीन हाय म्हना की,” त्या म्हणाल्या आणि झाडू बाहेर नेऊन ठेवला. “आता न्हानीत हयू बोला.”

‘हयू’ म्हणजे हळू. तिकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. मी सवयीने खिशातल्या पेनाला हात लावला आणि मग काढून घेतला.

न्हाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेलो. साबण घासघास घासला, फेस नाही. समोर भिंतीवर फेसाचा गोळा. त्या बाईला जे जमलं ते आपल्याला जमू नये, याचं वाईट वाटत होतं.

तेवढ्यात आरशाशेजारी चुन्याचा पोपडा निघालेला दिसला. सुपारीपेक्षा मोठा, बोटभर लांब, कडेने किंचित सुटलेला. नुकत्याच रंगवलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एवढी एकच उणीव. मुद्रितशोधकाला असली गोष्ट बघवत नाही. मी नख लावून तो खरवडायला गेलो.

पोपड्याने डोळा उघडला.

त्यानंतर जी किंकाळी उठली, ती बेडकाची होती असं मी घरी सांगितलं आहे. पुस्तकातही लिहिलंय की हे बेडूक धरल्यावर तोंड वासून ओरडतात. पण वाचकांपासून काही लपवायचं नाही. बेडूक एका शब्दाने बोलला नाही. ओरडलो मी, आणि ओल्या अंगाने मागे उडी मारली ती सरळ पाठीमागच्या भिंतीवर.

बाहेर महादेवराव बैलांना चारा टाकत होते. मी पंचा सावरत दार उघडून बाहेर धावलो. सुमनबाई स्वयंपाकघरातून आल्या. महादेवरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, शांतपणे माझ्याभोवती एक फेरी मारली, आणि बायकोला म्हणाले, “पाहुन्याले सांग, पाठ पाह्य म्हना.”

मानेपासून कमरेपर्यंत माझी पाठ चुन्याने पांढरीफटक झाली होती.

“भितीपायी पांढरे पडले,” महादेवराव म्हणाले.

सुमनबाई तिथेच मटकन खाली बसल्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मलाही हसू आवरेना. दोन्ही अर्थ माझ्या पाठीवर उमटले होते. हसता हसता मी सगळं कबूल केलं. फोनवर अर्धंच वाक्य आलं, मी भिंतीची भीती केली, चूक सर्वस्वी माझी, आणि ती कालच कळूनही मी गप्प बसलो.

महादेवराव मात्र हसले नाहीत. चाऱ्याची पेंडी खाली ठेवून ते दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “इवाईबुवा, मी रानात एकटा झोपतो. साप पाह्यले, रानडुक्कर पाह्यलं. अन् दीड महिना झाला, पोट्टे मले पाहून टुनटुन उड्या मारून राह्यले. नातीले पाहाले जीव तुटते माहा. पन ज्या गावानं मले भित्रा म्हनलं, त्या गावातून तोंड लपवून बारशाले कसा जाऊ?” मग ते हळू आवाजात म्हणाले, “हासले ते ओट्यावर. खुलासाबी ओट्यावर करा.”

मी पाठ धुतली. महादेवरावांनी हात ओले करून बेडूक अलगद भिंतीवरून काढला आणि ओलं फडकं घातलेल्या पितळी डब्यात ठेवला. त्यांच्या हातात तो अंगठ्याला मिठी मारून बसला होता.

ओटा

मारुतीच्या ओट्यावर दहाबारा माणसं होती. पुढे किसनाजी नावाचे बारीक, चुणचुणीत म्हातारे, ओट्यावरचा शेवटचा शब्द त्यांचा. कडेला कालचा जीपवालाही होता. “मूत्र तपासनारे साहेब,” त्याने ओळख करून दिली. ओट्याच्या मागे देवळाची चुन्याची भिंत. मला जागा पसंत पडली.

मी पुस्तकी आवाज लावला. “मंडळी, हा झाडबेडूक. साधा बेडूक भिंतीवर चढत नाही. हा चढतो. ओळख सोपी आहे. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यांनी तो काचेलासुद्धा चिकटतो. मागच्या पायांच्या बोटांत पडदा असतो...” असं म्हणत मी हात ओले करून डब्यातून त्याला बाहेर काढलं. डब्याच्या अंधारात तो चांगला तपकिरी झाला होता. मी जरा घट्टच धरला असणार. त्याने पाय पोटाशी घेतले, डोळे आत ओढले आणि माझ्या तळहातावर उताणा झाला.

मी बोटाने हलवलं. हलेना. फुंकर मारली. काही नाही.

“मेला,” किसनाजी म्हणाले.

“मेलेला नाही,” मी म्हणालो. “हे सोंग आहे. साप किंवा पक्षी बरेचदा हलणारं भक्ष्य पकडतात, म्हणून हा मेल्यासारखा पडून राहतो.”

“बेडूक सोंग घेते?”

“घेतो.”

“भेते म्हनून?”

ओटा हसला. अगदी फोनवर ऐकलं होतं तसंच हसला. मी खरं सांगत होतो, डोळ्यांसमोरची गोष्ट सांगत होतो, आणि दहाबारा माणसं माझ्या तोंडाकडे बघून हसत होती. माझे कान तापले. मी महादेवरावांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ते माझ्या तळहाताकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. “इवाईबुवा,” ते पुटपुटले, “खरंच गेला का? घरात तिची अंडी हायेत ना...” सुमनबाईंनी त्यांना बाळंतिणीचं सांगितलं होतं तर. मादी होती की नर हे मला ठाऊक नव्हतं, पण त्या क्षणी त्या बेडकाखेरीज मला जगात काही नको होतं.

शास्त्र विसरून मी सरळ बोलायला लागलो. “किसनाजी, बेडकाचं राहू द्या. माझं ऐका. मीच तो पुण्याचा व्याही.” जीपवाल्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतल्यासारखं केलं. “महादेवराव फोनवर म्हणाले, बेडूक भितीपायी पांढरा पडतो. भित म्हणजे भिंत, हे मला कळलं नाही. मला वाटलं, भीती. ते कशालाही घाबरले नव्हते. आज सकाळी हाच बेडूक बघून किंचाळलो तो मी. महादेवरावांनी त्याला फुलासारखं उचललं. तुम्ही दीड महिना हसलात ते माझ्या बहिरेपणावर हसायला हवं होतं. माझी चूक झाली. मी तुमच्यासमोर त्यांची माफी मागतो.”

देवळातली घंटा कुणी तरी वाजवली. आणि माझा तळहात एकदम गार आणि ओला झाला.

बेडकाने हातभर धार सोडली. मी हात सैल करताच तो उताण्याचा पालथा झाला आणि उडाला. उडताना मागचे पाय लांब झाले, आणि एरवी घडीत झाकलेल्या मांड्यांवरचे पिवळेधमक ठिपके क्षणभर लखलखले. पुस्तकातल्या ओळखीची हीच पक्की खूण. शत्रू त्या ठिपक्यांकडे बघत राहतो, बेडूक खाली उतरून घडी घालतो आणि ठिपके गायब. आम्ही सगळे तसेच बघत राहिलो. बेडूक देवळाच्या भिंतीवर जाऊन चिकटला.

“घ्या साहेब,” जीपवाला म्हणाला. “तपासा आता.”

या वेळी ओटा हसला त्यात मीही होतो. पण किसनाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “थांबा बाप्पा. भितीवर बसला. आता पाहू, महादेव खरा का खोटा.”

मग चहा मागवला. दहाबारा माणसं भिंतीकडे तोंड करून बसली. क्रिकेटची मॅचसुद्धा इतक्या शांततेत कुणी पाहत नाही. पांढऱ्या भिंतीवरचा तो तपकिरी ठिपका मला इतका वेळ अनुस्वारासारखा दिसत होता. भितीवर बसून तिची भिंत करत होता. पहिला चहा संपला तेव्हा तो मातकट झाला होता. दुसरा चहा आला तेव्हा राखाडी. कुणीतरी विडी पेटवायला खाली मान घातली, वर पाहिलं आणि म्हणाला, “कुठं गेला?” तो तिथेच होता. फक्त आता त्याला शोधावं लागत होतं.

किसनाजी उठले, भिंतीजवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं आणि मागे वळले. “महादेव, भितीपायी पांढरा पडला गड्या. आमचंच चुकलं.”

महादेवरावांनी दुपट्टा ओला केला, बेडूक त्यात घेतला आणि घराकडे चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुन्याची गाडी अकोल्याहून संध्याकायी हाय. आत्याबाईले फोन करा, टेसनावर ये म्हना.” मी तिथल्या तिथे फोन लावला.

अकोलामार्गे

परतीच्या वाटेवर आम्ही पाचजण होतो: महादेवराव, सुमनबाई, अकोल्याला येऊन मिळालेली आत्या, मी आणि तुरीच्या डाळीची एक गोणी, जिला माझ्यापेक्षा चांगली जागा मिळाली होती. महादेवराव वाटेत अखंड बोलत होते. दीड महिन्याचं साठलं होतं. न्हाणीची किल्ली शेजारणीकडे दिली होती आणि हौदाकडे कुणी झाडू नेला तर बघून घेईन, असा दम सुमनबाई दर स्टेशनावर फोनवरून देत होत्या.

बारसं झालं. पाळणा सजला, बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं, आत्याने वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं. रेवा. मुक्ता हसत होती आणि मंगला माझ्याकडे बघून डोळे पुसत होती.

मग नातीला महादेवरावांच्या हातात दिलं. पहिल्यांदाच. नवं कोरं धोतर, इस्त्रीची टोपी. त्यांनी तिला अलगद, ओल्या हाताने बेडूक धरावा तसं धरलं. रेवाने हातपाय पोटाशी घेतले आणि डोळे घट्ट मिटून निपचित पडली. मग तिने तोंड वासलं आणि अशी किंकाळी ठोकली की शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. आणि मग महादेवरावांच्या धोतरावर एक ओला डाग पसरत गेला.

मंगला “अगं बाई” करत धावली. महादेवरावांनी तिला हाताने थांबवलं. ते नातीच्या तोंडाशी वाकले. डोळ्यांत पाणी होतं, मिशी थरथरत होती.

“सारे लक्षनं जुयले, इवाईबुवा,” ते म्हणाले. “पन पांढरी नाई पडली. पोट्टी भेत नाई कोनाले.”

मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा वाचलं. एकही दुरुस्ती सापडली नाही.